चालते इंजिन

कोल्हापूरच्या आमच्या घरात, लोखंडी कपाटाच्या चोरकप्प्यात, आईच्या पाटल्यांच्या डबीखाली एक मळकट पुस्तक असे. आमच्या प्रीमियर पद्मिनीचे आर. सी. बुक. (पद्मिनी हे कंपनीने दिलेले नाव, आम्ही आणि आमची गल्ली तिला अखेरपर्यंत फियाटच म्हणत राहिलो.) त्या पुस्तकात मालकाचे नाव, गाडीचा रंग वगैरे तपशिलांबरोबर दोन लांबलचक आकडे होते. एक चासी नंबर, दुसरा इंजिन नंबर. अण्णांनी एकदा मला ते दोन्ही आकडे प्रत्यक्ष गाडीवर शोधायला लावले. बॉनेट उघडून, रॉकेलचा बोळा फिरवून, काजळी पुसून मी ते वाचले आणि पुस्तकाशी ताडून पाहिले, तेव्हा माझे वय अकरा असावे. सरकारदरबारी गाडी म्हणजे या दोन आकड्यांची जोडी, हे तेव्हापासून डोक्यात बसले. इंजिन बदलले तर आर. टी. ओ.मध्ये जाऊन तशी नोंद करून घ्यायची. नाहीतर कागदावरची गाडी एक आणि दारातली दुसरी.

२००९ साली मिशिगनमध्ये मी १९८७ची एक अल्फा रोमिओ मिलानो विकत घेतली, तेव्हा हाती पडलेल्या मालकीच्या कागदावर एकच आकडा होता. सतरा अक्षरांचा, गाडीच्या सांगाड्याचा. इंजिनाचा उल्लेखच नव्हता. या देशाच्या लेखी इंजिन हे वायपरच्या पात्यासारखे: झिजले, बदलले, कोणाला कळवायचे कारण नाही. चार वर्षांनी मी जे केले त्याचे बीज कदाचित या न लिहिलेल्या आकड्यात असेल.

मिलानो हे तिचे अमेरिकेतले नाव. उरलेल्या जगात ती अल्फा ७५. मिलान शहरात १९१० साली स्थापन झालेल्या कंपनीला पंचाहत्तर वर्षे झाली म्हणून १९८५ साली ती बाजारात आली, आणि पुढच्याच वर्षी ती कंपनी फियाटने घेतली. मागच्या चाकांवर चालणारी नवी अल्फा सेडान दिसायला त्यानंतर २०१५ साल उजाडावे लागले. (नावाची गंमत म्हणजे २०२४ साली याच कंपनीने आपल्या एका नव्या लहान गाडीला पुन्हा मिलानो हे नाव दिले. ती बनणार होती पोलंडमध्ये. इटलीच्या मंत्रिमहोदयांनी हरकत घेतली, आणि काही दिवसांतच त्या गाडीचे दुसऱ्यांदा बारसे करून तिला ज्युनियर म्हणावे लागले. गाडी कोण आहे हे कागदावर ठरते असे मानणारे केवळ आमचे आर. टी. ओ.च नाहीत.)

दिसायला ती सुंदर नाही. कमरेवरची काळी पट्टी मागे जाता जाता अशी वर उचलली जाते, की पुढचा अर्धा भाग काढणारा आणि मागचा अर्धा भाग काढणारा यांचे बोलणे नसावे. काचांची बटणे छताला. हँडब्रेक इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा, कुठल्यातरी लहान विमानातून काढून आणल्यासारखा. परंतु तिची खरी तऱ्हा खाली आहे. साधारण गाडीत इंजिनाला चिकटून क्लच, त्याला चिकटून गिअरबॉक्स आणि मग मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट असा क्रम असतो. या गाडीत इंजिन पुढे, आणि क्लच व गिअरबॉक्स दोन्ही मागच्या चाकांपाशी. मागचे ब्रेकसुद्धा चाकांत नाहीत, गिअरबॉक्सच्या कुशीत आहेत. यामुळे गाडीचे वजन पुढे-मागे जवळजवळ सारखे विभागले जाते आणि वळणावर ती अशी काही वळते की तिच्या रूपाविषयीच्या सगळ्या तक्रारी माघारी घ्याव्यात.

या रचनेची एक किंमत आहे. क्लच मागे असल्याने मधला शाफ्ट थेट इंजिनाला बांधलेला असतो. तुम्ही सिग्नलला उभे असा, क्लच दाबून ठेवा, गाडी न्यूट्रलमध्ये असो. इंजिन फिरते आहे तोवर तो शाफ्टही त्याच गतीने फिरतच असतो. दोन तुकड्यांचा शाफ्ट, आणि त्याला सांधणारी जाड रबराची तीन कपलिंगे, मेदूवड्यासारखी. या कपलिंगांकडे आपल्याला परत यायचे आहे.

आता इंजिनाविषयी. या इंजिनाबद्दल लिहिताना भलीभली माणसे भावविवश होतात, म्हणून आकड्यांपासून सुरुवात करतो. सहा सिलिंडर, व्ही आकाराचे, दोन रांगांतला कोन साठ अंशांचा. माझ्या गाडीत २४९२ सी.सी. आणि १५४ अश्वशक्ती. ज्युसेप्पे बुस्सो या अभियंत्याचे हे अपत्य. १९७९ साली ते प्रथम अल्फा ६ या गाडीत आले आणि २००५ सालच्या अखेरीस त्याचे उत्पादन थांबले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, जानेवारी २००६च्या पहिल्या आठवड्यात, बुस्सो वारले. ब्याण्णव वर्षांचे होते. हा केवळ योगायोग आहे हे मला कळते. तरी या इंजिनाविषयी बोलणारा एकही माणूस तो सांगितल्याशिवाय थांबत नाही, मीही थांबलो नाही.

आणि आवाज. तो शब्दांत सांगता येत नाही असे म्हणणे ही लेखकाची पळवाट असते, परंतु माझा व्यवसायच गाड्यांचे आवाज आणि कंपने मोजण्याचा असल्याने मला ती पळवाटही उपलब्ध नाही. सहा सिलिंडरचे असे इंजिन क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला तीन स्फोट करते, अगदी समान अंतराने. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना सेकंदाला दीडशे. हा त्याचा षड्ज. त्यावर सेवनमार्गाचे आणि एक्झॉस्टचे स्वर चढत जातात आणि साडेचार-पाच हजारांच्या पुढे सगळे मिळून एक धातूची तान होते. दिवसभर ऑफिसात इतरांच्या गाड्यांचा आवाज कमी कसा करावा याचा विचार करून घरी आल्यावर मी गॅरेजचे दार उघडून ही तान ऐकत असे.

तरीही मला मोठे इंजिन हवे होते. याच इंजिनाचा तीन लिटरचा थोरला भाऊ, २९५९ सी.सी., १८३ अश्वशक्तीचा. बाहेरून मापे जवळजवळ तीच, त्यामुळे जागेचा प्रश्न नाही. मिलानोच्याच व्हर्दे नावाच्या आवृत्तीत कंपनीने ते बसवले होते, म्हणजे परंपरेशी फारकतही नाही. सांगाडा शाबूत असलेली व्हर्दे शोधून पाहिली. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ज्या दोन सापडल्या त्यांची जमीन हाताने दाबली तर खाली जात होती. शेवटी १९९१च्या एका अल्फा १६४चे इंजिन मिळाले. गाडी गंजून गेलेली, इंजिन उत्तम. गेलेल्या वाड्याच्या तुळया चांगल्या निघाव्यात तसे.

अण्णा मे २०१३ मध्ये सहा महिन्यांच्या मुक्कामाला आले तेव्हा ते इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात स्टँडवर होते.

अण्णांची चार दशके कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेली. बोअरिंग, होनिंग, क्रँक घासणे. शेतावरच्या ऑइल इंजिनांपासून ट्रकपर्यंत सगळ्यांची पोटे त्यांनी उघडलेली. त्या लेथच्या आणि ग्राइंडरच्या संगतीत कान गेले. साठीपर्यंत बारीक आवाज गेले, पुढे माणसांचे शब्द. मशीन बसवून दिले होते, ते बहुधा खिशात असे. इंजिन बदलणे हा प्रकार त्यांना नवा नव्हता. डिझेल स्वस्त होते त्या काळात पेट्रोलच्या कितीतरी जीपांत त्यांनी डिझेल इंजिने बसवून दिली होती. म्हणून मला वाटले की त्यांना आनंद होईल.

त्यांनी कोपऱ्यातल्या इंजिनाकडे पाहिले, मग गाडीतल्या. म्हणाले, “याचं काय बिघडलंय?”

“काही नाही अण्णा. हे जास्त ताकदीचं आहे.”

“कॉम्प्रेशन बघितलंस?”

बघितले नव्हते. गरजच वाटली नव्हती. त्यांनी लावायला लावले. सहा प्लग काढले, एकेका सिलिंडरला गेज लावला, आकडे वहीत लिहिले. सहाही जवळजवळ सारखी. पाच टक्क्यांचाही फरक नाही. सव्वीस वर्षांचे इंजिन. अण्णांनी वही मला परत दिली.

“मग काढतोयस कशाला?”

या प्रश्नाला मी त्या संध्याकाळी बरीच उत्तरे दिली. हायवेवर ट्रकला ओलांडताना कमी पडते. सुटे भाग मिळतात. तीस अश्वशक्ती जास्त. ते प्रत्येक उत्तर पूर्ण ऐकून घेत होते, म्हणजे माझ्या ओठांकडे बघत होते, आणि मान हलवत होते. जीपांचा विषय मीच काढला. त्यावर ते म्हणाले, “ते पोटासाठी होतं. आणि त्यातल्या निम्म्या जीपांचे गिअरबॉक्स वर्षभरात माझ्याकडंच आले होते.”

अशा कामाला इथले हौशी लोक ‘हृदयप्रत्यारोपण’ म्हणतात. मीही मित्रांना पाठवलेल्या पत्रांत ते रूपक वापरले होते. त्या संध्याकाळनंतर मला ते वापरता आले नाही. हृदय बदलतात ते निकामी झाल्यावर. धडधाकट हृदय काढून त्याजागी जास्त ताकदीचे बसवा असे म्हणणाऱ्या माणसाला आपण डॉक्टरांकडे नेऊ, पण वेगळ्या डॉक्टरांकडे. शिवाय इंजिन हे गाडीचे हृदय आहे हेच मुळात कुठल्यातरी जाहिरातवाल्याने म्हटले असावे. गाडीत इतर सगळे अवयव इंजिनाचा मार खातात. हृदय असे वागत नाही.

असो. इंजिन मी काढलेच. आणि अण्णांनी, विरोध नोंदवून झाल्यावर, त्या कामात स्वतःला झोकून दिले. भाड्याने आणलेली क्रेन, शेजारच्या गावात राहणारा एक नागपूरकर मित्र, प्लास्टिकच्या खुर्चीवर अण्णा, आणि स्वयंपाकघराच्या दारातून दर तासाला “जेवायला येणार आहात की तिथेच आणून देऊ” असे विचारणारी बायको. नव्या इंजिनाचा जन्म आडवे बसण्यासाठी झालेला, कारण १६४ पुढच्या चाकांवर चालते. त्याला उभे बसवायचे तर जुन्या इंजिनाचे चेंबर, तेल ओढणारी नळी, माउंट, फ्लायव्हील हे सगळे त्याच्या अंगावर चढवावे लागते. अण्णांच्या हट्टाखातर बेअरिंगच्या टोप्या उघडून पाहिल्या. आत सगळे स्वच्छ होते. टायमिंग बेल्ट ताणणारी तेलावर चालणारी पुली या इंजिनांत तेल गळते आणि बेल्ट भिजवते. बेल्ट तुटला की व्हॉल्व पिस्टनवर आपटून वाकतात. तिच्याजागी साधी यांत्रिक पुली बसवली. १६४च्या क्रोमच्या सहा चकचकीत सेवननळ्या आमच्या रचनेत निरुपयोगी ठरल्या. त्या आजही गॅरेजच्या भिंतीवर टांगलेल्या आहेत आणि पाहुण्यांना त्या फार आवडतात.

पेट्रोलची मात्रा ठरवणारी मिलानोची जुनी व्यवस्था आम्ही तशीच ठेवली. तीत आत येणाऱ्या हवेच्या रेट्याने एक झडप उघडते आणि तिच्या उघडण्यावरून किती पेट्रोल द्यायचे ते ठरते. मोठ्या इंजिनाला जास्त पेट्रोल हवे, म्हणून त्या झडपेची स्प्रिंग एकेक दात सैल करत जायचे. दोन दिवस त्यातच गेले. या कामात अण्णांना रस नव्हता. ते जुन्या इंजिनापाशी होते. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून त्यांनी क्रँक हाताने दोन फेरे फिरवला, भोके बंद केली आणि वर आमची एक जुनी सोलापुरी चादर घातली. पुढे प्रत्येक रविवारी चादर काढून दोन फेरे. “उभं इंजिन खराब होतं,” एवढेच स्पष्टीकरण.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नवे इंजिन सुरू झाले. नागपूरकराने टाळ्या वाजवल्या. माझा मुलगा, तेव्हा नऊ वर्षांचा, कानांवर हात ठेवून हसत होता. मी बघत होतो अण्णांकडे. त्यांनी तळहात कॅम-कव्हरवर ठेवला, मग सेवनमार्गावर, मग बाजूला मडगार्डवर, आणि मान डोलावली. ज्या आवाजासाठी जगभरची माणसे या इंजिनावर जीव टाकतात तो त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. मी मशीन आणून त्यांच्या कानात घातले. त्यांनी ते लगेच काढले. “नुसता कल्लोळ येतोय.”

पुढचे दहा-बारा दिवस मी गाडी मिळेल त्या निमित्ताने बाहेर काढली. खोटे कशाला सांगू, फार मजा आली. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पूर्वी जिथे विनंती करावी लागे तिथे आता आज्ञा पुरे. महिनाअखेरीस सगळ्यांनी मिळून शिकागोला जायचे ठरले. साडेचारशे किलोमीटर, बहुतेक हायवे.

त्याआधी एका संध्याकाळी अण्णांना घेऊन गावाबाहेरच्या रस्त्यावर गेलो. ते शेजारी बसले, चप्पल काढली आणि पाय पुढे ताणून टाचा जमिनीला टेकवल्या. मी नेहमीचे प्रात्यक्षिक दाखवले. तीन हजार, चार हजार, पाच. अण्णा समोर बघत होते.

“मागं काहीतरी फिरतंय.”

मी ओरडून सांगितले की काही नाही, नव्या इंजिनाची माउंट नवी आहेत, थोडे थरथरणारच. त्यांना ऐकू आले की नाही कोण जाणे. त्यांनी हाताने खूण केली, थांब. गाडी कडेला घेतली. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, तीन हजारांवर धरून ठेवायला सांगितले. मी धरले.

“हे बघ. गाडी उभी आहे तरी आहे.”

“म्हणजे इंजिनाचंच ना!” मी म्हटले. चाके फिरत नसताना येणारे कंपन इंजिनाचे, हा माझ्या धंद्यातला पहिला धडा.

“इंजिनाचं असतं तर पायाच्या बोटांपाशी लागलं असतं. हे माझ्या टाचंच्याही मागं आहे.”

धड्याला अपवाद असलेल्या गाडीत मी बसलो होतो. वर सांगितलेला शाफ्ट: उभ्या गाडीतही इंजिनाच्या गतीने फिरणारा. हे मला माहीत होते. मीच चारचौघांना हे कौतुकाने सांगत असे. तीन हजार फेऱ्यांना शाफ्ट सेकंदाला पन्नास वेळा फिरतो. पन्नासच्या कंपनाला माणसाचा कान मंद असतो, पायाचा तळवा नसतो. आणि वर दीडशेचा तो गाजलेला षड्ज आणि त्याची सगळी आवर्तने वाजत असताना ते पन्नास ऐकू येणे कठीणच. यंत्र लावले असते तर आलेखावर ते उंच काठीसारखे दिसले असते. ऑफिसात ते यंत्र रोज माझ्या हाताखाली असे. स्वतःच्या गाडीला लावावे असे वाटले नाही, कारण मला आवाज आवडत होता.

दुसऱ्या दिवशी गाडी चारही बाजूंनी घोड्यांवर चढवली. खाली सरपटत गेलो. पुढचे कपलिंग ठीक. मागचे ठीक. मधले, दोन तुकड्यांच्या सांध्यावरचे, बोल्टांच्या मध्ये दोन ठिकाणी फाटले होते. एका ठिकाणी अशी चीर, की त्यात स्क्रू-ड्रायव्हरचे टोक सहज आत जात होते. रबर जुनेच होते. लहान इंजिनाखाली ते अजून काही वर्षे रडतखडत गेले असते. मी इंजिन बदलले, बेअरिंगे पाहिली, बेल्ट, पुली, माउंट, होझ सगळे नवे घातले, आणि ती ताकद मागे जाणार कशातून हे पाहिले नाही. हायवेवर ते कपलिंग सुटते तर साडेतीन-चार हजारांच्या गतीने फिरणारा लोखंडी शाफ्ट दोन पुढच्या सीटांच्या मधोमध, पातळ पत्र्याखाली, मोकळा झाला असता. मागे मधल्या जागेवर मुलगा बसणार होता, कारण तिथून त्याला पुढचा रस्ता दिसे.

खालून बाहेर आल्यावर मी अण्णांना चीर दाखवायला मोबाइलवर काढलेला फोटो पुढे केला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला. मला वाटले आता जीपांचे गिअरबॉक्स निघतील. निघाले नाहीत. “शाफ्ट काढायच्या आधी दोन्ही तुकड्यांवर खूण कर,” ते म्हणाले, “होता तसाच परत बसला पाहिजे. नाहीतर बॅलन्स जाईल.” मी खडू शोधू लागलो. “खडू नको. पंच मार.”

तिन्ही कपलिंगे नवी मागवली. ती बसवताना रबर भोवतीने पट्टीने आवळून ठेवावे लागते, नाहीतर बोल्टची भोके जुळत नाहीत. बोल्ट आवळून झाले की पट्टी कापून काढायची. ती कापण्याचे काम अण्णांनी केले, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी गाडीखाली उताणे झोपून. शिकागोला आम्ही बायकोच्या जपानी गाडीने गेलो.

गाडी आजही आहे, मोठ्या इंजिनासकट. पश्चात्ताप झाला आणि मी जुने इंजिन परत बसवले असे लिहिता आले असते तर हा लेख अधिक शोभिवंत झाला असता, पण तसे घडले नाही. अण्णांच्या प्रश्नाला आज मला एकच प्रामाणिक उत्तर देता येते, ते म्हणजे मला हवे होते. त्या संध्याकाळी एवढेच सांगितले असते तर बहुधा त्यांनी विषय तिथेच सोडला असता.

जुने इंजिन मात्र राहिले नाही. अण्णा ऑक्टोबरात परत गेले आणि दर रविवारी फोनवर, म्हणजे आईमार्फत, चौकशी होऊ लागली: दोन फेरे फिरवले का. फिरवत होतो. काही रविवार चुकले. ते मी सांगितले नाही, पण त्यांना कळले असावे, कारण फेब्रुवारीत निरोप आला, की फिरवायला जमत नसेल तर चालवणाऱ्याला देऊन टाक. ओहायोतल्या एका गृहस्थांकडे जी.टी.व्ही. ६ होती; हेच अडीच लिटरचे इंजिन, बेल्ट तुटून व्हॉल्व वाकलेले. एप्रिल २०१४ मध्ये ते पिकअप ट्रक घेऊन आले. पैशांबद्दल फार बोलणे झाले नाही. अण्णांच्या अक्षरातली कॉम्प्रेशनची वही त्यांना दाखवली. आकडे देवनागरीत होते, ते मी वाचून दाखवले. इंजिन चादरीसकट गेले.

जूनमध्ये त्यांनी एक व्हिडिओ पाठवला. लाल जी.टी.व्ही., उघडे बॉनेट, आणि तीच तान, थोडी हलकी, माझ्या चांगल्या ओळखीची. मी तो कोल्हापूरला पाठवला. दोन दिवसांनी आईचा फोन आला. अण्णांनी चार वेळा बघितला म्हणाली. मग फोन त्यांच्याकडे गेला.

“आवाजाचं मला काय कळत नाही,” अण्णा म्हणाले. “बेल्ट नवा टाकलाय का विचार त्यांना.”

मी विचारले. टाकला होता.